सिकलसेल : एका जनुकाचा गुंतागुंतीचा इतिहास

एका जनुकातील दोषामुळे एक आजार होतो, हे समीकरण विसाव्या शतकातील वैद्यकाने ज्या आजारांच्या आधारे मांडले त्यांत सिकलसेलचे स्थान अग्रक्रमाचे आहे. पाठ्यपुस्तकांतही हेच उदाहरण दिले जाते. परंतु या आजाराचा इतिहास तपासला असता ते समीकरण वाटते तितके सरळ नसल्याचे दिसून येते.

इ.स. १९१० मध्ये शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी, ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे १९४९ हे वर्ष निर्णायक ठरले. माता व पिता या दोघांकडून सदोष जनुक आल्यास आजार होतो आणि एकाकडूनच आल्यास ती व्यक्ती केवळ वाहक असते, हे जेम्स नील यांनी मांडले. त्याच वर्षी लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिनच भिन्न असते हे सिद्ध करून ‘रेणवीय आजार’ ही संकल्पना रूढ केली. १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इनग्राम यांनी हा फरक नेमका दाखविला : प्रथिनाच्या साखळीत एका ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन, इतकाच.

या यशातून निर्माण झालेल्या आत्मविश्वासाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. १९६८ मध्ये पॉलिंग यांनी वाहक तरुणांच्या कपाळावर ओळखखूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक परस्परांच्या प्रेमात पडणार नाहीत, असे सुचविले. एवढ्या थोर शास्त्रज्ञाने हे लिहावे, याचे आजही आश्चर्य वाटते. त्यानंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. त्यांत वाहक व रुग्ण यांची गल्लत झाली आणि कृष्णवर्णीय समाजाला त्याची झळ बसली. १९७२ च्या संघीय कायद्याने तपासणी ऐच्छिक असावी हे तत्त्व स्वीकारले. तरीही अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना १९८१ पर्यंत बंदच राहिले. वस्तुतः अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्येच पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळते हे दाखविले होते. ज्याला ‘दोष’ म्हटले गेले तो हिवतापाच्या प्रदेशात उपकारकही होता.

एकच जनुकीय बदल असलेल्या रुग्णांत आजाराची तीव्रता मात्र सारखी नसते. नवजात अर्भकांना त्रास का होत नाही, याचे कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन असावे, असे जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच सुचविले होते. भारतात हा जनुक १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. पश्चिम ओडिशातील रुग्णांत हे हिमोग्लोबिन प्रौढपणीही अधिक राहते व आजार तुलनेने सौम्य असतो, असे पुढे दिसून आले. मात्र नागपूर येथील बालरुग्णांच्या नोंदींत जनुकीय पार्श्वभूमी बरीचशी तीच असूनही तीव्र स्वरूप आढळते. आहार, जंतुसंसर्ग, उपचारांची उपलब्धता आणि इतर जनुके यांपैकी कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. २००७ च्या सुमारास बीसीएल११ए हा जनुक गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण ठरवितो असे लक्षात आले. २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुक-संपादन उपचारात बदल केला जातो तो याच जनुकाच्या नियंत्रक भागात. मूळ सिकलसेल जनुक आहे तसाच ठेवला जातो.

महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबार परिसरात हा प्रश्न ग्रंथातला नसून घराघरातला आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. तपासणीनंतर मिळणाऱ्या कार्डावरून व्यक्ती वाहक आहे की रुग्ण हे कळते. रुग्णाला किती त्रास होईल हे कळत नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाचा विवाह हिमोग्लोबिनचा कोणताही दोष नसलेल्या व्यक्तीशी झाल्यास एकाही अपत्याला हा आजार होत नाही. तथापि सोयरीक जुळविताना ‘वाहक’ हा शब्द ऐकताच बोलणी थांबू शकतात, आणि त्याचा भार बहुधा मुलीच्या बाजूवरच पडतो.