तिबेटी स्वेटरची कुळकथा

दिवाळी आटोपली की विदर्भातल्या शहरांत तिबेटी स्वेटर बाजार उभे राहतात. बांबू-ताडपत्रीचे गाळे, दोरीवर टांगलेली जॅकेटं, पुढच्या फळीवर मापाप्रमाणे रचलेल्या कानटोप्या आणि मोजे, मागच्या पडद्यावर दलाई लामांची तसबीर. लोक त्याला ‘तिबेटी मार्केट’ म्हणतात आणि पोरांसाठी स्वेटर घ्यायचा तर तिथूनच, असं ठरवून जातात. थंड मुलुखातली माणसं लोकरीचाच धंदा करणार, अशी आपली सहज समजूत असते. पण त्यातला एखादा स्वेटर उलटा करून कॉलरमागची पट्टी वाचा. सूत बहुधा ॲक्रेलिक, म्हणजे खनिज तेलापासून बनलेलं, आणि माल लुधियानाचा. तिबेटच्या मेंढीचा त्यात एक केसही नाही. तरीही हा स्वेटर तिबेटी आहे. तो तसा कसा झाला, हे समजून घेताना गेल्या पाऊणशे वर्षांचं आशियाचं राजकारण उलगडत जातं आणि ती वाट गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात येऊन पोचते.

मूळ तिबेटी कौशल्य मागावरचं. ‘नांबू’ नावाचं जाड लोकरी कापड, विवाहित बायका कमरेला बांधतात तो रंगीत पट्ट्यांचा ‘पांगदेन’, आणि गालिचे. दोन सुयांवर विणलेला, बटणं लावलेला स्वेटर त्या परंपरेतला नव्हे. तिबेटची लोकर जगाच्या बाजारात जात होती, पण कच्चा माल म्हणून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेचरांचे तांडे लोकरीचे गठ्ठे घेऊन जेलेप ला ही खिंड ओलांडत आणि कालिंपोंगला उतरत. तिथे मारवाडी, नेवारी आणि तिबेटी व्यापारी माल हाती घेत आणि तो कोलकात्याच्या बंदरातून बाहेर जाई. राठ आणि चिवट असल्यामुळे ही लोकर गालिच्यांना उत्तम. तिचं मोठं गिऱ्हाईक होतं अमेरिका.

या व्यापाराला पहिला धक्का बसला तो दूर कोरियात पेटलेल्या युद्धामुळे. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा पूर्व तिबेटात चामदोला घुसल्या. त्याच सुमारास चिनी सैन्य कोरियाच्या युद्धात उतरलं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. तिबेटची लोकर आता चिनी माल ठरली. कालिंपोंगच्या गोदामांत गठ्ठे पडून राहिले. पुढे चीननेच चढ्या भावाने ती लोकर विकत घेतली आणि तिबेटी व्यापाऱ्यांना आपलंसं करण्याचा प्रयत्न केला. २३ मे १९५१ रोजी चीन आणि तिबेट यांच्यात, तिबेट चीनचा भाग ठरवणारा सतरा कलमी करार झाला. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीनने ज्या करारावर सह्या केल्या, त्याच्या प्रस्तावनेत पंचशील होतं; पण मूळ करार होता तिबेटशी होणारा व्यापार आणि ये-जा यांविषयीचा, आणि त्यात तिबेटचा उल्लेख ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा होता. १० मार्च १९५९ ला ल्हासात उठाव झाला, १७ तारखेच्या रात्री दलाई लामा निघाले आणि महिनाअखेरीस तवांगच्या बाजूने भारतात आले. त्यांच्यामागून सुमारे ८० हजार माणसं आली. १९६२ च्या युद्धाने खिंडींतला व्यापारही संपवला. माणसं इकडे आली, लोकर तिकडेच राहिली.

आलेल्यांची पहिली ठाणी होती आसामातलं मिसामारी आणि उत्तर बंगालमधलं बक्सा. हिमालयाच्या थंडीत वाढलेल्यांना तिथला दमट उन्हाळा सोसेना. क्षयासारख्या रोगांनी माणसं गेली. सरकारने हजारोंना डोंगराळ भागात रस्त्यांच्या कामावर पाठवलं. हिमाचलात, सिक्कीममध्ये खडी फोडणाऱ्या टोळ्यांत भिक्षू होते, शेतकरी होते, पाठीला तान्हं बांधलेल्या बाया होत्या. ऑक्टोबर १९५९ मध्ये दार्जिलिंगला निर्वासितांचं स्वयंसाहाय्य केंद्र सुरू झालं आणि तिथे गालिचे व लोकरीचं काम होऊ लागलं. याच वर्षांत तिबेटी बायकांनी सुया हाती धरल्या. बाजारातून लोकरीचे गुंडे आणायचे, सांजसकाळ विणायचं आणि तयार झालेला स्वेटर पदपथावर मांडायचा. मसुरी, सिमला, दिल्ली अशा ठिकाणी हा धंदा रुजला. त्याला भांडवल नगण्य लागे, भाषा मोडकीतोडकी चाले आणि सनद कुणी विचारत नसे. पुढे हाताने विणून मागणी पुरी पडेना, तेव्हा विक्रेते ठोक मालासाठी लुधियानाकडे वळले.

लुधियानाच्या लोकरधंद्याचं कुळही निर्वासितांचंच आहे. १८३३ च्या दुष्काळात काश्मीर सोडून आलेले शालींचे कारागीर तिथे आणि अमृतसरला स्थिरावले, त्यांच्या कसबावर पुढे होजिअरीचा उद्योग उभा राहिला. १९४७ मध्ये मुसलमान कारागीर सीमेपलीकडे गेले आणि पश्चिम पंजाबातून उखडलेली कुटुंबं शहरात आली. तिसरा धक्का १९९१ चा. लुधियानाचा माल मोठ्या प्रमाणात सोव्हिएत संघात जात असे. तो देशच विस्कटला तेव्हा कारखानदारांना देशातला बाजार अधिक नेटाने शोधावा लागला. आपला माल गावोगाव पोचवणारी तिबेटी विक्रेत्यांची तयार फळी त्यांच्या दाराशी होतीच. एका विस्थापित समाजाने विणलेला माल दुसऱ्या विस्थापित समाजाने विकायचा, अशी ही साखळी जुळली.

ती टिकली उधारीवर. हंगामाआधी तिबेटी विक्रेते लुधियानाला जातात, लालाच्या, म्हणजे ठोक व्यापाऱ्याच्या, दुकानात नमुने बघतात, थोडी रक्कम आगाऊ देऊन मोठा माल उचलतात आणि बाकी हंगाम संपल्यावर फेडतात. वर्षानुवर्षांची ओळख हेच तारण. थंडी उशिरा पडली किंवा लवकर सरली तर नुकसान विक्रेत्याचं. तरीही लालाची बाकी चुकवायची, कारण यंदा नाव गेलं तर पुढच्या वर्षी माल नाही. बँक सोडून ही माणसं उधारीच्या पायावर का उभी राहिली, याचं उत्तर त्यांच्या हातातल्या कागदात आहे. त्या कागदाचं ओझं समजतं ते वसाहतीत.

तिबेट्यांना विखरू न देता एकत्र वसवावं म्हणून नेहरूंनी राज्यांकडे जमीन मागितली. म्हैसूर राज्याने पुढाकार घेतला आणि १९६० मध्ये बैलकुप्पे वसलं. मग मैनपाट, चंद्रगिरी, मुंडगोड अशा वसाहती झाल्या. १९७२ मध्ये महाराष्ट्रात, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, गोठणगावजवळ प्रतापगडच्या परिसरात नॉर्ग्येलिंग वसाहत उभी राहिली. एका अंगाला इटियाडोह धरणाचं पाणी, दुसऱ्या अंगाला नवेगावबांधचं जंगल. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाची मोठी जत्रा भरते आणि त्याच गडाच्या परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. त्या शेजारात मंत्रांच्या पताका फडफडू लागल्या. आसपासच्या गावांत ही वसाहत ‘तिबेटी कॅम्प’ म्हणून ओळखली जाते. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी तिबेटी लोकांच्या बोलण्यात आणि कागदपत्रांत ती वसाहत आजही ‘भंडारा’ आहे.

जव आणि याक यांच्या मुलुखातून आलेल्यांना इथे धानाची शेती शिकावी लागली. रोवणी, चिखलणी, कापणी सारं नवं. दक्षिणेकडच्या वसाहतींत सुरुवातीला माणशी एकरभर जमीन मिळाली. कुटुंबं वाढली, जमीन मात्र तेवढीच राहिली. पावसाच्या एका पिकावर वर्ष निघत नाही आणि हिवाळ्यात शेताला काम उरत नाही. तिथे स्वेटरचा हंगाम चपखल बसला. खरिपाची कामं उरकत आली की धडधाकट माणसं माल आणायला निघतात आणि वसाहतीत म्हातारी माणसं व शाळकरी मुलं उरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘लोसार’ हे तिबेटी नववर्ष येतं, तोवर सगळ्यांनी घरी परतायचं. पीक, बाजार आणि सण यांचं हे चक्र तिबेटात नव्हतं, महाराष्ट्रातही नव्हतं. ते निर्वासितपणाने घडवलं.

आता तो कागद. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जागतिक करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केलेला नाही. कायद्याच्या नजरेत तिबेटी माणूस परदेशी. त्याच्याकडे असते ती आरसी, म्हणजे परदेशी नागरिकाचं नोंदणी प्रमाणपत्र. ती ठरल्या मुदतीत नव्याने करून घ्यायची, दुसरीकडे दीर्घ मुक्काम असेल तर पोलिसांकडे नोंद करायची. वसाहतीची जमीन कसायला मिळते, पण ती आपल्या नावावर नाही. नावावर नाही म्हणून गहाण ठेवता येत नाही, गहाण नाही म्हणून बँक हात आखडते. नागरिकत्व नाही म्हणून सरकारी नोकरीची दारंही बंदच. उरतो तो असा धंदा, ज्याला जमिनीची मालकी लागत नाही, जो चार महिन्यांत उभारून गुंडाळता येतो आणि ज्याचं भांडवल ओळखीवर मिळतं. स्वेटरचा बाजार या अडचणींतून घडला आहे. तिबेटी माणसाच्या अंगभूत आवडीने तो धंदा निवडलेला नाही.

याची खूण पटवायला त्याच तालुक्यात बघावं. अरुणनगर, गौरनगर या गावांत पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं राहतात. तीही सीमा ओलांडून आलेली, तीही जंगलाच्या कडेला वसवलेली, तीही धान पिकवणारी. पण फाळणीच्या हिशेबात ती आपली मानली गेली आणि देशाच्या नागरिकत्वात सामावली गेली. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत: पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडणाऱ्या नमःशूद्रांना महाराष्ट्रात तो दर्जा नाही. एकाच तालुक्यात, काही मैलांच्या अंतरावर, दोन निर्वासित समाज राहतात आणि दोघांचं आयुष्य दोन वेगळ्या कागदांनी घडवलं आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणाचा याहून स्वच्छ धडा कोणत्या वर्गात मिळेल?

अलीकडे तो कागद थोडा सैल झाला. नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. हे तिबेट्यांनाही लागू आहे असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये मान्य केलं. २०१४ मध्ये केंद्राने तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं, त्यात वसाहतींच्या जमिनीसाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची तरतूद आहे. पण अनेकांनी नागरिकत्व मागितलंच नाही. तिबेटचा प्रश्न जिवंत आहे याचा पुरावा म्हणजे आपलं निर्वासितपण, असं त्यांना वाटतं. दुसरीकडे तरुण पिढी वाट बदलते आहे. १९९० च्या अमेरिकी कायद्याने एक हजार तिबेट्यांना व्हिसा दिला आणि तिथून नवी साखळी सुरू झाली. पुढे फ्रान्स, बेल्जियम. शिकलेली मुलं परिचारिका होतात, बेंगळुरूला नोकऱ्या धरतात. ताडपत्रीखाली चार महिने काढायला त्यांच्यातले थोडेच तयार असतात.

विद्यापीठांनी या विषयाचं देणं काही अंशी फेडलं आहे. मेल्विन गोल्डस्टीन यांनी म्हैसूरकडच्या वसाहतींचा अभ्यास केला, टीना हॅरिस यांनी कालिंपोंग-ल्हासा लोकरमार्गाचा माग काढला, टिम लाऊ यांनी तिबेटी स्वेटर व्यापारावरच लिहिलं. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रशालेत तर एक विलक्षण शेजार होता. ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’चे नाटककार गो. पु. देशपांडे तिथे चीनचा अभ्यास शिकवत आणि ‘रेड स्टार ओव्हर तिबेट’ लिहिणारे दावा नोर्बू मध्य आशियाचा. नोर्बू स्वतः सक्या परिसरातून लहानपणी निर्वासित होऊन आलेले. ज्या प्रश्नाने त्यांचं घर गेलं त्याचा अभ्यास त्यांनी आयुष्यभर पुरावे मांडून केला.

मराठीत मात्र हे काम फार थोडं झालं आहे. जागतिक संघर्ष आणि स्थलांतर म्हटलं की आपला विद्यार्थी सीरिया आणि युक्रेनकडे बघतो; बघावंच. पण गोंदिया जिल्ह्यातली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि नॉर्ग्येलिंग त्यांच्या अंगणात आहे. १९५९ मध्ये कळत्या वयात सीमा ओलांडलेली माणसं आज ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांच्या तोंडून तो प्रवास, सडकेवरची वर्षं, धानाची पहिली रोवणी आणि लुधियानाची पहिली उधारी मराठीत टिपून ठेवण्याची मुदत झपाट्याने संपते आहे. शेजारच्या बंगाली गावांतल्या वडीलधाऱ्यांचंही तसंच. त्यासाठी परदेशी शिष्यवृत्ती लागत नाही; एक दुभाषी, एक ध्वनिमुद्रक, आणि पीक निघाल्यावर ही माणसं बाजाराला जाण्याआधी त्यांना गाठण्याची तत्परता लागते. राज्यशास्त्राच्या विभागांनी येत्या हंगामापासून हे काम हाती घ्यावं.