क्षपण

बिदरचा कारागीर जस्त-तांब्याच्या भांड्यात चांदीची तार ठोकून बसवतो, मग भांडे तापवून त्यावर किल्ल्यातली माती नि नवसागर कालवून चोळतो. भांडे काळेभोर होते, चांदी मात्र लखलखीतच. काळ्या झालेल्या धातूने इलेक्ट्रॉन गमावले, हे ऑक्सिडीकरण. ज्याने ते घेतले, त्याचे क्षपण. पण ‘क्षपण’ निघतो संस्कृत ‘क्षि’पासून, ‘क्षय’ही त्याच घरचा. मिळकत झाली तरी नाव घटीचे! पोरे गोंधळतात, त्यात नवल नाही. ‘क्षपण’ हा इंग्रजी ‘रिडक्शन’साठी योजलेला शब्द; त्यामागच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘परत आणणे’: खनिजाला पुन्हा धातुरूपात आणणे. भट्टीत ऑक्सिजन निघून जाई, वजन घटे. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ साली, तोवर नाव कधीच रुळले होते.