दिनविशेष : २१ जून
सातिवली, ता. २१ : मुंबईतील अंधेरीत आयुष्याचा उत्तरार्ध बहुतांशी एकाकीपणे कंठणारे चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचा जन्म १९१५ साली आजच्या दिवशी बंगालमधील नैहाटी येथे झाला. १९४३ च्या दुष्काळात मेदिनीपूर जिल्हा हिंडून त्यांनी सिद्ध केलेले 'हंग्री बेंगाल' हे सचित्र पुस्तक सरकारने जप्त करून नष्ट केले. १९४६ मध्ये मुंबईस आल्यावर मात्र त्यांनी विशेष भर दिला तो लाकूड व लिनोलियम यांवरील ठशांवर, कारण एकदा कोरलेल्या ठशाच्या प्रती अल्प खर्चात पुष्कळ निघतात आणि चित्र धनिकाच्या दिवाणखान्यात अडकून न पडता सामान्य रयतेच्या हाती जाते. कोरलेला भाग पांढरा राहतो, उरलेला शाई धरतो. चुकीस माफी नाही. १८०५ मध्ये मिरजेस ताम्रपटावरून गीता छापणारा महाराष्ट्र कोरून छापण्याच्या विद्येस अपरिचित नव्हता, तथापि ललितकलेच्या दरबारात तिला मानाचे आसन मिळण्यास फार विलंब लागला, असे आम्हांस वाटते. बालमजुरांवरील चित्तप्रसाद यांची ठसेमाला १९६९ मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने प्रकाशित केली. १३ नोव्हेंबर १९७८ रोजी कलकत्त्यास त्यांचे देहावसान झाले.