तबकडीवरचे पाच वादक

जॅझ संगीताच्या इतिहासात ‘हॉट फाइव्ह’ या वाद्यवृंदाचे स्थान फार वरचे आहे. तथापि, हा वृंद प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर जवळजवळ कधीच उभा राहिला नाही, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते.

१२ नोव्हेंबर १९२५ रोजी शिकागो येथे ‘ओके’ या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी पाच कृष्णवर्णीय कलावंत एकत्र आले. कॉर्नेटवर लुई आर्मस्ट्राँग, ट्रोम्बोनवर किड ओरी, क्लॅरिनेटवर जॉनी डॉड्स, बॅन्जोवर जॉनी सेंट सिर आणि पियानोवर आर्मस्ट्राँगची पत्नी लिल. हा संच केवळ ध्वनिमुद्रणापुरता होता. चरितार्थासाठी प्रत्येकाची रात्र कुठल्या ना कुठल्या नृत्यगृहाला वा नाट्यगृहाला बांधलेली असे. आर्मस्ट्राँग वेंडोम थिएटरात अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदातून मूकपटांना साथ करी. ही मंडळी जमत, तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या भरत आणि आपापल्या कामावर परतत.

या पाचांच्या जाहीर वादनाचे दोन प्रसंग इतिहासात नोंदले गेले आहेत. ‘ओके’ने आपल्या कलावंतांना घेऊन शिकागोच्या कॉलिझियम सभागृहात १९२६ साली दोन मोठे कार्यक्रम केले, पहिला २७ फेब्रुवारीस, दुसरा १२ जूनला. पहिल्याच्या आदल्याच दिवशी ‘हीबी जीबीज’ ही त्यांची गाजलेली तबकडी मुद्रित झाली होती. ती आजही ऐकता येते. कॉलिझियममधले वादन मात्र आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध व्हावे. शिकागोचे रहिवासी ज्या वृंदांच्या तालावर रोज रात्री नाचत, त्यांतले कित्येक विस्मृतीत गेले; आणि त्यांनी क्वचितच एकत्र पाहिलेले हे पाच जण जगाला माहीत झाले. जे टिकले तेच तेवढे घडले, असे मानणे चुकीचे ठरेल.

या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. वेंडोममध्ये आर्मस्ट्राँगसोबत पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड १९२६ साली आशियाकडे निघाला आणि पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. धर्मग्रामांच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले गोव्याचे ख्रिस्ती वादक त्या काळी मुंबईत जॅझ आत्मसात करत होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांना तर ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत. या मंडळींनी रात्रीमागून रात्री जे वाजवले, त्याचा फार थोडा अंश तबकड्यांवर उतरला.

अशा वादकांची मुले-नातवंडे आपल्या धर्मग्रामांत आहेत. घरातील जुनी छायाचित्रे, स्वरलिपीच्या वह्या आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांनी वेळीच जपून ठेवाव्यात. जे तबकडीत मावले नाही, ते निदान कागदावर तरी राहील.