उदगीर परिसरातील संशोधन : इतिहास, कायदा, समाज आणि विज्ञान

लातूर जिल्ह्यातील उदगीर हे शहर बालाघाटच्या पठारावर, कर्नाटक व तेलंगणाच्या सीमेलगत वसलेले आहे. येथील बाजारपेठेत मराठी, उर्दू, कन्नड व तेलुगू या चारही भाषा कानी पडतात. १९४८ सालापर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि उदगीर तालुका बिदर जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यास जोडला गेला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्ह्याची निर्मिती झाली, तेव्हा त्याचा समावेश नव्या जिल्ह्यात झाला. राज्य, जिल्हा आणि राज्यकारभाराची भाषा अशी वारंवार बदलत गेल्यामुळे या भूमीविषयीची साधने हैदराबाद, बिदर, पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर अशी अनेक ठिकाणी विखुरली आहेत. या परिसराचा अभ्यास करू पाहणाऱ्यास ही पार्श्वभूमी प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

उच्च शिक्षणाची सोय येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि लातूर, नांदेड, परभणी या भागांतील महाविद्यालये त्याच्याशी संलग्न झाली. उदगीरचे महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय त्यांपैकीच एक होय. एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच महाविद्यालयाच्या यजमानपदाखाली भरले होते. याशिवाय, नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही उदगीरमध्ये आहे. मानव्यविद्या, कायदा, समाजशास्त्रे आणि निसर्गविज्ञाने या चार शाखांतील कोणते प्रश्न या परिसरात अभ्यासले गेले व अभ्यासले जात आहेत, याचा संक्षिप्त परिचय येथे करून देत आहोत.

इतिहास व भाषा

उदगीरचे नाव मराठ्यांच्या इतिहासात कोरले गेले ते १७६० सालच्या लढाईमुळे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजामाचा येथे पराभव केला. तहान्वये पेशव्यांना सुमारे ६० लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख व काही महत्त्वाचे किल्ले प्राप्त झाले. या विजयानंतर भाऊ उत्तरेकडे निघाले आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्यांचा अंत झाला. उदगीरचा विजय आणि पानिपतचा पराजय यांत एक वर्षाचेही अंतर नाही.

या लढाईचा अभ्यास करणाऱ्यास किमान दोन लिप्यांचे ज्ञान आवश्यक ठरते. मराठ्यांच्या बाजूची पत्रे मोडी लिपीत आहेत, तर निजामाच्या दरबाराची साधने फारसीत आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदपत्रे ४५ खंडांत प्रसिद्ध झाल्यामुळे पहिल्या प्रकारची साधने पुष्कळशी सुलभ झाली. दुसऱ्या प्रकारच्या साधनांचे दालन मराठी वाचकांसाठी उघडणाऱ्यांत सेतुमाधवराव पगडी यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९१० साली याच परिसरातील निलंगा येथे झाला. हैदराबाद संस्थानाच्या प्रशासनात काम करीत असताना त्यांनी फारसी व उर्दूचा व्यासंग केला, गोंड समाजात राहून गोंडी भाषा अभ्यासली आणि मराठ्यांविषयीची फारसी साधने मराठीत आणली. १९९२ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. १९९४ साली त्यांचे निधन झाले.

दुसरे ठळक नाव नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांचे आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य होते. इतिहास, राज्यघटना, धर्मग्रंथ, साहित्यशास्त्र आणि संगीत या सर्वांवर त्यांनी अधिकाराने लिहिले. विद्याशाखांच्या भिंती ज्ञानाला अडवू शकत नाहीत, याचा मराठवाड्याला मिळालेला तो उत्तम वस्तुपाठ होय.

कायदा

मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत इतिहास आणि कायदा यांची गाठ नित्य पडते. महाराष्ट्रात कुळांविषयी एकच कायदा नव्हता. पश्चिम महाराष्ट्रासाठी १९४८ चा, मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि विदर्भासाठी १९५८ चा, असे तीन स्वतंत्र कायदे झाले. इनाम जमिनींसाठीही हैदराबाद राज्याने १९५२ व १९५४ साली स्वतंत्र कायदे केले. परिणामी येथील एखाद्या देवस्थानाच्या किंवा संरक्षित कुळाच्या जमिनीचा निवाडा करताना मुंतखब, खासरा पाहणी पत्रक अशा जुन्या कागदांचा आधार घ्यावा लागतो. यांपैकी अनेक कागद उर्दूत वा फारसीत असतात. ते वाचता न आल्यास कायद्याच्या पदवीधरालाही दाव्याचे मूळ उमगत नाही.

याचे अलीकडचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्यासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधारे कार्यवाही करण्याचा शासन निर्णय निघाला. या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात तीव्र मते व्यक्त झाली. त्या वादात न शिरताही एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीतील एका शब्दाचे वाचन आज एखाद्या कुटुंबाच्या शिक्षणाची व नोकरीची वाट ठरवू शकते. म्हणूनच मोडी व उर्दू कागद अचूक आणि निःपक्षपातीपणे वाचणाऱ्या अभ्यासकांची गरज आहे. असे वाचन हे सामाजिक न्यायाचे साधन आहे.

समाज

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, उदगीरच्या नैऋत्येस औसा तालुक्यातील किल्लारी व शेजारच्या गावांवर भूकंपाचा घाला पडला. झोपेतील हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. मृतांचे आकडे वेगवेगळे दिले जातात; ते आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहेत.

जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबविण्यात आला. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि इतर असंख्य गावांत घरांची दुरुस्ती व बळकटीकरण झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांचा या कार्यात सहभाग होता. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिलांना बांधकामाची माहिती देऊन शासन आणि ग्रामस्थ यांच्यातील दुवा बनविले. त्यामुळे स्त्रिया घरकुलाच्या लाभार्थी तर झाल्याच, शिवाय बांधकामावर देखरेखही करू लागल्या.

पुढील काळात अनेक अभ्यासकांनी या नव्या गावांची पाहणी केली. वारसा व आपत्ती या विषयांचे अभ्यासक रोहित जिज्ञासू यांनी २००२ साली नॉर्वेतील विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात भारत व नेपाळमधील भूकंपप्रवण ग्रामीण समाजांचा विचार केला आहे. स्थानिक ज्ञान व कौशल्य यांचा उपयोग करून समाजाची असुरक्षितता कशी कमी करता येईल, हा त्या प्रबंधाचा विषय आहे. जुन्या गावात वाडा, अंगण, गोठा आणि गल्ली यांची एक जीवनपद्धती होती. सरळ रस्त्यांच्या नव्या वसाहतीत घर सुरक्षित झाले, पण जनावरे कोठे बांधावीत, शेजार कसा राखावा, हे प्रश्न उरले. केवळ अभियंत्याच्या आराखड्यातून गाव उभे राहत नाही, हा या अभ्यासांचा बोध आहे.

निसर्गविज्ञान

किल्लारीचा भूकंप शास्त्रज्ञांनाही कोड्यात टाकणारा ठरला. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जात होते आणि हा भाग त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. वास्तविक १९९२ च्या ऑगस्टपासून येथे धक्के जाणवत होते आणि त्या वर्षीच्या १८ ऑक्टोबरला त्यांतील मोठा धक्का बसला होता. पुढील वर्षीचा भूकंप ६.२ तीव्रतेचा होता व त्याचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते; त्यामुळे लहान क्षेत्रात प्रचंड हानी झाली.

भूकंपानंतर किल्लारी येथे ६१७ मीटर खोल वेधछिद्र घेण्यात आले. त्यातून काळ्या बेसॉल्ट खडकाचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा असल्याचे, त्याखाली गाळाचा सुमारे ८ मीटरचा थर व मग अतिप्राचीन पायाचा खडक असल्याचे आढळले. लाव्हाच्या थरांखाली झाकलेल्या या भूमीचे प्रत्यक्ष दर्शन त्यामुळे घडले. जवळच्या निम्न तेरणा जलाशयाचा भूकंपाशी संबंध होता काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. २००२ साली भारतीय मानकात सुधारणा होऊन सर्वांत कमी धोक्याचे पहिले क्षेत्रच रद्द करण्यात आले आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. पुढे २००५ साली देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. जमिनीखालच्या खडकाचा अभ्यास अशा रीतीने घराच्या भिंतीपर्यंत आणि कायद्याच्या कलमापर्यंत येऊन पोहोचतो.

निसर्गविज्ञानाचा दुसरा स्थानिक विषय म्हणजे देवणी गोवंश. पूर्वी उदगीर तालुक्यात असलेल्या व आज स्वतंत्र तालुका असलेल्या देवणीवरून या जातीस नाव मिळाले. दूध आणि शेतीकाम या दोन्हींसाठी ती उपयुक्त आहे. रंगावरून तिचे वानेरा, बालंक्या व शेवरा असे प्रकार पाडले जातात : वानेऱ्याचे अंग पांढरे व तोंड काळसर, बालंक्याच्या पोटाकडील भागावर काळे ठिपके, तर शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले असतात. नांदेड जिल्ह्यातील लाल कंधारी ही तिची शेजारीण. ट्रॅक्टरचा प्रसार व संकरित गाईंचे आकर्षण यांमुळे शुद्ध देशी जातींचे जतन हा संशोधनाचा निकडीचा विषय झाला आहे. या शास्त्रास पशुपालकांच्या पिढीजात पारखेची जोड मिळाली, तरच ते गोठ्यापर्यंत पोहोचेल.

संशोधनाची शिस्त

संशोधनाचा विस्तार झाला तसे त्याचे दोषही समोर आले. बढतीसाठी व पदवीसाठी लेखांची संख्या मोजली जाऊ लागली, तेव्हा शुल्क घेऊन कोणताही लेख छापणारी नियतकालिके ठिकठिकाणी निघाली. एकाच अंकात साहित्य, कायदा, रसायन व वाणिज्य यांवरील लेख असणे हा दोष नव्हे. ते लेख जाणकाराने तपासलेले नसणे हा दोष आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यापुढे साम्य वाढेल तशी कारवाई कठोर होत जाते. २०२२ च्या नियमांनी पीएच. डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली. मान्य नियतकालिकांची आयोगाची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता चांगले नियतकालिक ओळखण्याची जबाबदारी मुख्यतः विद्यापीठे व अभ्यासक यांच्यावर आली आहे. दुसरीकडे, ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारामुळे देशभरातील प्रबंध घरबसल्या वाचता येतात. विषय निवडण्यापूर्वी तेथे शोध घेणे हे उदगीरच्या विद्यार्थ्यालाही आज सहज शक्य आहे.

समारोप

वरील चारही शाखांचा विचार करता एक सूत्र स्पष्ट होते. उदगीर परिसरातील कोणताही महत्त्वाचा प्रश्न एका शाखेत मावत नाही. जमिनीचा दावा हा कायद्याइतकाच जुन्या लिपीचा प्रश्न आहे. भूकंप हा खडकाइतकाच गावाच्या रचनेचा प्रश्न आहे. गाईच्या जातीचे जतन हा विज्ञानाइतकाच शेतकऱ्याच्या मिळकतीचा प्रश्न आहे.

ज्यांच्याविषयी संशोधन केले जाते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले पाहिजे. किल्लारीविषयीचे बहुतेक शास्त्रीय लेखन इंग्रजीत आहे. ज्यांची घरे पडली त्यांच्या नातवंडांना ते वाचता येईल अशा मराठीत आणणे अद्याप पुष्कळसे बाकी आहे. सेतुमाधवरावांनी फारसीतील इतिहास मराठीत आणला. तेच कार्य विज्ञान आणि कायदा यांच्या क्षेत्रांत पुढे नेणे ही येथील महाविद्यालयांची व तरुण अभ्यासकांची जबाबदारी आहे. सत्याचा शोध प्रामाणिकपणे घ्यावा आणि जे हाती लागेल ते समाजाच्या स्वाधीन करावे, हेच संशोधनाचे खरे प्रयोजन होय.