पॉवर स्टिअरिंग घरच्या घरी कसं तपासाल?

आधी प्रकार ओळखा. बोलेरोसारख्या गाड्यांत हायड्रॉलिक स्टिअरिंग असतं, ते ऑइलच्या दाबावर चालतं. स्विफ्ट, वॅगनआरमध्ये इलेक्ट्रिक असतं. तिथे मोटर असते, ऑइलची टाकी शोधू नका.

हायड्रॉलिक: सपाट जागेवर इंजिन बंद करून ऑइल बघा. ते मिन आणि मॅक्स या खुणांमध्ये हवं. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑइल टाका; ब्रेक ऑइलने सील खराब होतात. ऑइल सारखं कमी होतंय? रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा, गळतीचा डाग सकाळी दिसेल.

इलेक्ट्रिक: डहाणूच्या खाऱ्या हवेत बॅटरी टर्मिनलवर थर चढतो. करंट कमी पडला की स्टिअरिंगचा दिवा लागू शकतो. गाडी बंद करून आधी मायनस, मग प्लस वायर काढा आणि टर्मिनल साफ करा. दिवा तरीही राहिला तर सर्व्हिस सेंटर गाठा.

स्टिअरिंग जड वाटलं तर टायरमधली हवाही तपासा.

तलासरीजवळ हायवे 48 वर स्टिअरिंग अचानक जड झालं तर घाबरू नका, गाडी तरीही वळते, फक्त जोर जास्त लागतो. दोन्ही हातांनी धरा, वेग हळूहळू कमी करा, कडेला थांबा. चालत्या गाडीत चावी मात्र काढू नका. स्टिअरिंग लॉक होईल.