सारा नावाचा अर्थ आणि मूळ

'सारा' हे मुलीचे नाव ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा तिन्ही समाजांत शतकानुशतके ठेवले जाते. आता ते हिंदू घरांतही ऐकू येते. बारशापूर्वी अर्थ शोधायला गेले की कुठे 'राजकन्या', कुठे 'आनंद देणारी', तर कुठे 'शुद्ध' असे लिहिलेले आढळते. हे तिन्ही अर्थ खरे आहेत, पण ते तीन वेगळ्या भाषांतले आहेत.

हिब्रू मूळ
नाव मुळात हिब्रू आहे. हिब्रूत 'सर' म्हणजे सरदार किंवा अधिकारी. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'सारा', म्हणजे कुलीन स्त्री, राजकन्या. प्राचीन अक्कादी भाषेत राणीला 'शर्रतु' म्हणत. तो शब्द याच कुळातला. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकातील 17व्या अध्यायात अब्राहामाच्या पत्नीचे 'साराय' हे नाव बदलून 'सारा' केले जाते. तिला नव्वदाव्या वर्षी मुलगा झाला, तो इसहाक. त्याच्या नावाचा अर्थ 'तो हसतो' असा आहे.

अरबी अर्थ
कुराणात इब्राहिमच्या पत्नीचा प्रसंग येतो, पण तिचे नाव येत नाही. 'सारा' हे नाव इस्लामी परंपरेतून रूढ झाले. अरबीत 'सुरूर' म्हणजे आनंद. त्याच धातूपासून 'सार्रा', म्हणजे आनंद देणारी, हा शब्द होतो. त्यात 'र'चे द्वित्व आहे, नावात ते नाही. उच्चार जवळचा असल्याने हा अर्थ नावाला जोडला गेला. हिब्रू शब्दाचे हे भाषांतर नव्हे.

फारसी, संस्कृत आणि मराठी
फारसीत 'सारा' म्हणजे शुद्ध, भेसळ नसलेले. संस्कृत 'सार' म्हणजे गाभा, अर्क. मराठीत 'सारा' म्हणजे सगळा, आणि शेतसाऱ्यातला 'सारा' म्हणजे जमिनीवरचा कर. या शब्दांचा हिब्रू नावाशी संबंध नाही, केवळ ध्वनी सारखा आहे.

महाराष्ट्रातील नाते
कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला बेने इस्रायली समाज मराठी बोलतो. दिवेकर, पेणकर अशी गावांवरून पडलेली आडनावे आणि बायबलमधली नावे या समाजात एकत्र नांदतात. त्यामुळे बायबलमधली ही नावे मराठी घरांना अगदी नवखी नाहीत.

नाव ठेवताना
मूळ अर्थ हवा असल्यास 'राजकन्या' किंवा 'कुलीन स्त्री' असा सांगावा. 'आनंद देणारी' हा अर्थ सांगण्यासही हरकत नाही, मात्र तो अरबी शब्दाचा आहे हे लक्षात ठेवावे. रोमन लिपीत हे नाव शेवटी 'एच' लावून आणि न लावता, असे दोन्ही प्रकारे लिहितात. जन्मदाखल्यावर जे स्पेलिंग दिले, तेच पुढे आधार, शाळा आणि पासपोर्टसाठी वापरावे. नाहीतर दुरुस्तीसाठी खेपा घालाव्या लागतात.